नव्या बंगल्यापुढचं लॉन: शीट येण्याआधी आणि आल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे नवा बंगला, समोर साधारण १००० चौरस फूट मोकळी जागा, जमीन काळी. मेच्या मध्यावर वास्तुशांत आहे, तोवर मेक्सिकन कार्पेट (शेतात वाढवून मातीसकट तुकड्यांत, म्हणजे शीटमध्ये, विकलं जाणारं लॉनचं गवत) टाकून समोरचा भाग हिरवा करायचा आहे. कंत्राटदार म्हणतो, दोन दिवसांत करून देतो. शेजाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात असंच करून घेतलं होतं, रोज पाणी घालूनही दोन महिन्यांत ते जागोजागी वाळलं. त्यांचं काय चुकलं आणि आपण काय करावं?

निर्णय आधी सांगतो, कारणं मागाहून. मेमध्ये लॉन टाकू नका. वास्तुशांतीला मांडव घाला, कुंड्या मांडा. पाहुण्यांना समोर सपाट माती दिसली म्हणून कुणी जेवल्याशिवाय जात नाही. उलट, ताज्या लॉनवर मांडवाचे खांब रोवले, सतरंज्या अंथरल्या आणि शे-दोनशे माणसं फिरली, तर ते लॉन त्याच दिवशी गेलं म्हणून समजा. एप्रिल-मे हे दोन महिने मातीला द्या आणि शीट जूनच्या शेवटी किंवा जुलैत, पाऊस जरा स्थिरावल्यावर मागवा.

आता शेजाऱ्यांचं. शीट शेतात कापली जाते तेव्हा मुळांचा मोठा भाग शेतातच राहतो. तुमच्या दारात येतो तो दीड-दोन फुटांचा तुकडा, खाली जेमतेम पाऊण इंच माती. गवत हिरवंगार दिसतं, पण त्याचा पाण्याचा साठा त्या पाऊण इंचाएवढाच. तिथून नवी मुळं फुटून तुमच्या जमिनीत उतरली की लॉन धरलं. तोवर ते सलाइनवरच्या पेशंटसारखं असतं, पाणी चालू तोवर ठीक. चाळीस अंशांच्या दुपारी एक पाळी चुकली की कडा करड्या पडतात. शेजाऱ्यांचं लॉन बहुधा धरलंच नव्हतं. खात्री करायची असेल तर वाळलेल्या जागेचा कोपरा धरून उचलून बघा. दोन महिन्यांनंतरही शीट अख्खी वर आली तर मुळं खाली गेलीच नाहीत. पुढे माती, पाणी, रोलर, खत याबद्दल जे सांगणार आहे ते सगळं मुळं खाली उतरावीत एवढ्यासाठीच आहे.

मुळं का उतरत नाहीत? नव्या बंगल्याच्या समोर वरवर माती दिसते, पण खाली राडारोडा, सिमेंटचे गोळे, टाइल्सचे तुकडे आणि जेसीबीच्या चाकांनी दाबलेला मुरूम असतो. त्यावर दोन इंच तांबडी माती पसरून शीट अंथरली की काम झालं असं मानतात. त्यात शीट बहुतेक वेळा चिकट मातीत वाढवलेली असते, कारण चिकट मातीमुळे तुकडा उचलताना फुटत नाही. या चिकट थराखाली भुसभुशीत, भरड माती आली की पाणी वरच्या थरातच अडकून राहतं. तो पूर्ण भरल्याशिवाय खाली सोडत नाही. वर हात लावला तर ओल, खाली बोट घातलं तर कोरडं. कोरड्या मातीत मूळ शिरत नाही. आणि खाली दाबलेला मुरूम असेल तर उलटं होतं, पाणी साचतं आणि मुळं कुजतात. शेजाऱ्यांनी रोज पाणी घातलं हे खरं असेल, पण ते पोचलं कुठवर हा मुद्दा आहे.

म्हणून पहिलं काम खणणं. आठ इंचांपर्यंत कुदळीने उकरून राडारोडा घमेल्याने बाहेर काढा. सिमेंट-चुन्याचे गोळे विशेषतः वेचा, आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी असते, त्यात ही भर नको. काळी माती सगळी काढून फेकण्याची गरज नाही. ती फोडून, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून घ्या आणि तांबडी माती पसराल ती निम्मी खालच्या काळ्या मातीत कालवा. दोन मातींमध्ये सरळ रेघ राहता कामा नये. हिशेबासाठी: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, ती ३०० चौरस फुटांवर चार इंचांचा थर देते. तुमच्या १००० फुटांना सव्वातीन ब्रास होते, माती बसते म्हणून चार धरा. शेणखताचा एक इंच थर द्यायचा तर पाऊण ते एक ब्रास. काळ्या मातीत थोडीशी वाळू टाकली की ती मोकळी होते ही समजूत सोडून द्या. थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते, आणि फरक पडावा एवढी वाळू परवडत नाही.

शेणखत पुरतं कुजलेलं हवं, यात तडजोड नको. वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर परत पाठवा. कच्च्या खतातून तणांचं बी येतं आणि वळवाच्या पावसानंतर हुमणीचे (मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे अंडी घालायला अशाच जागा शोधतात.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दहा फुटांना एक ते दोन इंच. दोरी आणि ट्यूब लेव्हल लावून घ्या, डोळ्यांवर भरवसा नको. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबत असेल तर सर्वांत खालच्या कडेला खडी भरलेला चर आत्ताच काढा, लॉन टाकल्यावर तो काढायला कुणाचं मन होत नाही. पेव्हर किंवा फरशीच्या कडेला मातीची पातळी इंचभर खाली ठेवा. शीट बसल्यावर ती फरशीच्या बरोबरीला येते.

यापुढचं काम लव्हाळ्याचं. नव्या लॉनचे पैसे वाया घालवणारं याच्याइतकं चिवट तण नाही. वरचं पातं उपटलं तरी खालची गाठ शाबूत राहते, आणि गाठी एकमेकींना धाग्याने जोडलेल्या असतात. रोटाव्हेटर फिरवला तर त्या तुटून अंगणभर पसरतात. एप्रिलमध्ये खणून झालं की माती आठ-दहा दिवस भिजवा, लव्हाळा उगवू द्या आणि खुरप्याने गाठीसकट काढा. परत भिजवा, परत काढा. दोन फेऱ्यांत तो संपत नाही, पण आटोक्यात येतो. तणनाशकाकडे वळणार असाल तर एक लक्षात घ्या: ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली. माळ्याच्या हातात बाटली देऊन फवारा मार म्हणणं योग्य नाही.

मग सपाटी करून, माती ओली करून, मेच्या सुरुवातीला सगळ्या जागेवर पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीत पुरून टाका. काळं नव्हे, पारदर्शकच. चार ते सहा आठवड्यांत खालची माती इतकी तापते की वरच्या दोन-तीन इंचांतलं तणांचं बरंचसं बी आणि काही बुरशा मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी याने मरत नाहीत, म्हणून ते काम आधी. आपल्या उन्हाळ्याचा बागेला असा फुकट उपयोग क्वचितच होतो. वास्तुशांतीच्या दिवसापुरतं प्लास्टिक गुंडाळून ठेवलं तरी चालेल. जूनमध्ये काढल्यावर मात्र माती पुन्हा खोल उकरू नका, खालचं बी वर येतं. पहिल्या एक-दोन पावसांत माती कुठे कुठे खचेल, तिथे भर घाला. दोन दिवसांत काम उरकणाऱ्याला ही खचण्याची वाट बघताच येत नाही, आणि मग वर्षभर लॉनमध्ये डबकी दिसतात.

आता गवत कोणतं. नर्सरीत मेक्सिकन म्हणून मिळतं ते बहुतेक झॉयसिया असतं. दाट, मऊ, सावकाश वाढणारं, त्यामुळे कापणी कमी. चार-पाच तास ऊन मिळालं तरी भागतं, पण तुडवलं गेलं तर भरून यायला वेळ लावतं. सिलेक्शन वन आणि बर्म्युडा ही आपल्या हरळीचीच भावंडं. त्यांना सहा-आठ तास ऊन हवं, वाढ झपाट्याची, मुलं क्रिकेट खेळणार असतील तर हीच टिकतात, पण पावसाळ्यात आठवड्याला कापावी लागतात. बोअरचं पाणी खारट असेल तर पॅस्पॅलमची चौकशी करा, क्षार सहन करण्यात ते वरचढ आहे. आंब्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत दिवसभर सावली असेल तिथे कोणतंच लॉन टिकत नाही, कंत्राटदार काहीही म्हणो. तिथे ऑफिओपोगॉन (गवतासारख्या पानांचं सावलीतलं झाड) लावा नाहीतर खडी टाका. वेडेलिया ही जमिनीवर पसरणारी वनस्पती कुणी सुचवली तर नको म्हणा, ती पसरली की आवरत नाही.

आणि पाण्याचं गणित आत्ताच करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये धरलेल्या लॉनलाही रोजचं सरासरी पाच मिलिमीटर पाणी धरावं लागतं, म्हणजे रोज ४६५ लिटर. १०,००० लिटरचा टँकर जेमतेम तीन आठवडे पुरतो, तोही एक थेंब वाया न घालवता. वाघोलीच्या बाजूला उन्हाळ्यात पाण्याची काय स्थिती असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी तुमच्या जागी असतो तर लॉन ४०० फुटांचं केलं असतं, बसण्याच्या जागेसमोर, आणि बाकी ठिकाणी दगडी वाट, कण्हेर, तगर, एखादा बहावा. लॉन विकणारे हे सांगणार नाहीत, त्यांचा दर चौरस फुटावर असतो.

शीट येण्याचा दिवस. शेतात कापल्यापासून चोवीस तासांच्या आत ती जमिनीवर अंथरलेली हवी. गाडीत रचलेल्या थप्प्या आतून तापतात. गाडी पहाटे यावी असं ठरवा आणि उतरवताना मधल्या थप्पीतली एक शीट ओढून बघा. आतून पिवळी, गरम, आंबूस वासाची असेल तर घेऊ नका. पालथी करून बघा: पांढरी मुळं दिसायला हवीत आणि लव्हाळ्याची तीन धारांची दांडी कुठे दिसता कामा नये. खालचा थर पाटीसारखा गुळगुळीत आणि कडक असेल तर अंथरण्याआधी दाताळ्याने ओरबाडून घ्या. मजुरांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, उभं राहून करून घ्या.

जमीन आदल्या दिवशी भिजवून वाफसा यावा (माती ओलसर पण चिखल नाही) अशी ठेवा. आमच्याकडे एक घातक पद्धत रूढ आहे: पाइप सोडून जमिनीचा चिखल करायचा, त्यावर शीट टाकायची आणि धुम्मसाने ठोकायची. चिकटल्यासारखी दिसते म्हणून मालक खूश. पण काळ्या मातीचा चिखल वाळला की त्यातली सगळी हवा गेलेली असते, तो दगड होतो आणि मुळं वरच्या वर आडवी पसरतात.

सरळ कडेपासून सुरुवात करा, पहिली ओळ दोरीला लावून. पुढच्या ओळीचे सांधे आधीच्या सांध्यांसमोर येऊ देऊ नका. शीट एकमेकींना घट्ट भिडवा, पण चढवू नका आणि ताणून तर मुळीच नका, ताणलेली शीट वाळताना आक्रसते आणि फट पडते. कडेला बोटभर पट्ट्या लावू नका, त्या आधी मरतात. अख्खा तुकडा कडेला घ्या आणि कापलेला मध्ये भरा. अंथरलेल्या भागावर बसायचं तर फळी टाका. फटींत चाळलेली माती भरा, वरून पाण्याने भरलेला हलका रोलर एकदा उभा, एकदा आडवा फिरवा. त्याने खालची हवेची पोकळी जाते. आणि पाणी सगळं काम संपायची वाट न बघता, शे-दीडशे फूट अंथरून झाले की लगेच.

पहिले दोन आठवडे नियम एकच: शीटखालची माती ओलसर हवी, चिखल नको. दिवसातून किती वेळा हे घड्याळावर ठरत नाही. कडक ऊन असेल तर दोन-तीन हलक्या पाळ्या, झड लागली असेल तर शून्य. रोज एक कोपरा उचलून खाली बोट घाला, त्यावरून ठरवा. फरशीच्या कडेची आणि पश्चिमेच्या भिंतीसमोरची पट्टी सर्वांत आधी वाळते, तिला हाताने झारीने वेगळं पाणी द्या. जुलैत टाकलेलं मेक्सिकन दहा-पंधरा दिवसांत धरायला लागतं. डिसेंबरच्या थंडीत टाकलं तर महिना घेतं. कोपरा ओढल्यावर गवत हाताला विरोध करायला लागलं की पाळ्या तोडा: रोज एकदा, मग दिवसाआड, मग पावसाळा संपल्यावर तीन-चार दिवसांनी पण भरपूर, चार-पाच इंच खोल जाईल असं. इथे लोकांचा हात आखडतो. हिरवं आहे म्हणून रोज शिंपडत राहतात, मुळं वरच राहतात आणि पहिल्या एप्रिलमध्ये दणका बसतो. पाणी कधी हवं हे गवतच सांगतं. रंग निळसर करडा होतो आणि चालल्यावर पावलांचे ठसे मिनिटभर तसेच राहतात. स्प्रिंकलर असेल तर चार वाट्या ठेवून कुठे किती पडतं ते एकदा मोजा, फरक बघून चकित व्हाल. पाणी सकाळी. रात्रभर पातं ओलं राहिलं की बुरशीला आमंत्रण.

पहिली कापणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, कोपरा अजिबात उचलला जात नाही अशी खात्री झाल्यावर आणि पातं कोरडं असताना. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. मेक्सिकन इंच-दीड इंचावर ठेवा. बहुतेक माळी नायलॉन दोरीचं ब्रश कटर फिरवतात, त्याने पातं फाटतं आणि कुठे टक्कल पडतं. ४०० फुटांना हातानं ढकलायचं मशीन पुरतं, पातं मात्र धारदार हवं. मेक्सिकन कापायला टाळाटाळ केली तर वर्षभरात ते गादीसारखं फुगतं आणि मग कापलं की खालचा तपकिरी भाग उघडा पडतो.

महिनाभर खत नको. नंतर १००० फुटांना एक किलो युरिया, ४०० ला ४०० ग्रॅम, दोन भागांत विभागून, कोरड्या पात्यावर समान फेकून लगेच पाणी. ओल्या गवतावर मूठभर फेकलेला युरिया जिथे चिकटतो तिथे जळालेला ठिपका पडतो. पावसाळ्यात दोनदा, फेब्रुवारीत एकदा एवढं घरच्या लॉनला पुष्कळ. डिसेंबर-जानेवारीत लॉन फिकट पडेल, रात्री दहा अंशांवर आल्या की ते झोपतं. तेव्हा घाबरून खत टाकू नका. थंडी नसताना नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, काळ्या जमिनीत हमखास येते. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट फवारा, पण फरशी झाकून. त्याचे तांबडे डाग जात नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठिकठिकाणी पिवळे पट्टे आले, साळुंक्या आणि बगळे येऊन टोचायला लागले आणि गवत ओढल्यावर गालिच्यासारखं गुंडाळलं गेलं तर खाली हुमणी आहे. पांढरी, सी आकाराची अळी तीन-चार इंचांत सापडते. वेचून काढा आणि मेटारायझियम ही मित्रबुरशी ओल्या मातीत जिरवा. त्याच दिवसांत गोल तपकिरी चट्टे पडले आणि गवत उपटून येत नसेल तर ती बुरशी: संध्याकाळचं पाणी आणि युरिया बंद, कापलेलं गवत उचलून टाका. बरेचदा तेवढ्यानं आवरतं.

दरवर्षी उन्हाळ्यात माळी तांबड्या मातीची गाडी घेऊन येईल आणि लॉनवर इंचभर पसरू म्हणेल. पाव इंचाच्या वर पसरू देऊ नका. जुन्या बंगल्यांत मी लॉन पायरीच्या वर गेलेलं आणि पावसाचं पाणी व्हरांड्यात येणारं पाहिलं आहे, सगळं या वार्षिक मातीमुळे. कुत्रा असेल तर लघवीच्या जागी लगेच बादलीभर पाणी ओता, दुसरा उपाय कामाला येत नाही.

पैसे कमी पडत असतील तर पुढच्या दर्शनी भागात शीट आणि मागे लागण करा. दोन इंची तुकडे सहा इंचांवर लावले की एका चौरस फुटाच्या शीटमध्ये नऊ फूट होतात. बर्म्युडा पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत भरतं, मेक्सिकनला त्याच्या दुप्पट वेळ द्या.

कंत्राटदाराकडून कोटेशन लेखी घ्या. गवताचं नाव, किती इंच खणणार, राडारोडा कोण उचलणार, माती आणि शेणखत किती ब्रास, शीट कापल्यापासून किती तासांत पोचणार आणि महिन्याभरात वाळलेली शीट बदलून देणार का, हे सगळं त्यात हवं. फक्त चौरस फुटाचा दर लिहून देणारा स्वस्त वाटतो, पण त्यात खणणं धरलेलं नसतं. आणि शेवटचा हप्ता पहिली कापणी होईपर्यंत हातात ठेवा.